वायमार : जर्मन सांस्कृतिक वारशाची दोन रूपे

जर्मन संस्कृतीचा परिचय करून घेताना प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १८७१ पूर्वी जर्मनी नावाचे एकसंध राज्य अस्तित्वात नव्हते. होती ती अनेक लहानमोठी संस्थाने. त्यांना जोडणारा प्रमुख दुवा भाषिक होता. मार्टिन लूथरने केलेला ‘नव्या करारा’चा अनुवाद १५२२ मध्ये आणि समग्र बायबल १५३४ मध्ये प्रसिद्ध झाले. नाना बोलींत विभागलेल्या समाजाला समाईक लेखनभाषा लाभण्यास या ग्रंथाने मोठा हातभार लावला. राज्याच्या आधी भाषा आणि भाषेच्या आधारे संस्कृती, या क्रमातूनच पुढे ‘संस्कृतिराष्ट्र’ ही संकल्पना रूढ झाली. तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही वायमार या एकाच लहान नगराच्या आधारे प्रस्तुत लेखात पाहावयाची आहेत.

वायमारच्या दरबारात १७०८ ते १७१७ या काळात योहान सेबास्टिअन बाख सेवेत होता. १७७२ मध्ये वीलांड, १७७५ मध्ये गटे, १७७६ मध्ये हेर्डर आणि १७९९ मध्ये शिलर असे चार थोर साहित्यिक येथे वास्तव्यास आले. गटेने १७९१ ते १८१७ पर्यंत येथील दरबारी रंगभूमीचे संचालन केले. या मंडळींच्या विचाराच्या मुळाशी ‘बिल्डुंग’ ही कल्पना होती. ‘शिक्षण’ या शब्दाने तिचा पुरता बोध होत नाही. कला, भाषा आणि ज्ञान यांच्या सहवासात व्यक्तीने स्वतःला आयुष्यभर घडवीत राहणे, असा तिचा आशय आहे. ही घडण परभाषांना पारखी नव्हती. फोर्स्टरने १७९१ मध्ये इंग्रजीवरून केलेल्या ‘शाकुंतला’च्या जर्मन अनुवादाने गटे भारावून गेला होता. ‘फाउस्ट’च्या आरंभीच्या रंगमंचीय प्रवेशामागे कालिदासाच्या प्रस्तावनेची प्रेरणा असल्याचे अभ्यासक मानतात.

१९१९ मध्ये याच नगराच्या राष्ट्रीय रंगमंदिरात जर्मन प्रजासत्ताकाची घटना संमत झाली आणि त्याच वर्षी वाल्टर ग्रोपियसने येथे ‘बाउहाउस’ ही कलाशाळा स्थापन केली. कलावंत आणि कारागीर यांच्यातील उच्चनीचतेची भिंत पाडणे, हा तिचा उद्देश होता. प्रांतिक शासनाच्या विरोधामुळे १९२५ मध्ये ती डेसाउ येथे हलविण्यात आली आणि नाझी राजवटीच्या दडपणाखाली १९३३ मध्ये बर्लिन येथे बंद पडली. त्याच वर्षीच्या १० मे रोजी बर्लिनमध्ये ग्रंथांची जाहीर होळी करण्यात आली. तीत विद्यार्थ्यांचा पुढाकार होता, हे विसरता येत नाही.

१९३७ मध्ये वायमारपासून अवघ्या काही किलोमीटरवरील एटर्सबर्ग टेकडीवर बुखेनवाल्ड छळछावणी उभारण्यात आली. गटेच्या भ्रमंतीशी ही टेकडी निगडित होती. छावणीसाठी जंगल तोडताना एक ओक वृक्ष मात्र राखण्यात आला. कैदी त्याला गटेचा ओक म्हणत. एप्रिल १९४५ मध्ये मुक्तता होईपर्यंत या छावणीत सुमारे ५६,००० माणसे मृत्युमुखी पडली. वृक्ष जपणारे आणि माणसे मारणारे हात एकाच व्यवस्थेचे होते.

मराठीशी या वारशाचे नाते अनुवादातून जुळले आहे. विंदा करंदीकरांनी ‘फाउस्ट’चा पहिला भाग मराठीत आणला. ज्याची पुस्तके १९३३ मध्ये जाळली गेली, त्या ब्रेख्तच्या नाटकावरून चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ लिहिले आणि विजया मेहता यांच्यासह फ्रिट्झ बेनेविट्झ हे वायमारच्याच रंगभूमीवरील दिग्दर्शक त्याच्या प्रयोगाशी निगडित होते.

१९९८ मध्ये ‘अभिजात वायमार’चा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत झाला. आज गटेचे घर आणि बुखेनवाल्डचे स्मारक ही दोन्ही स्थळे जतन केलेली आहेत. एकाचे दर्शन दुसऱ्यावाचून अपुरे ठरते. साहित्य माणसाला सुसंस्कृत करते, हे विधान आपण वर्गात सहजपणे करीत असतो. ते खोटे आहे असे नव्हे. मात्र ‘बिल्डुंग’चा अर्थ केवळ स्वतःच्या घडणीपुरता राहिला आणि शेजारच्या टेकडीवर काय चालले आहे हे विचारण्याची जबाबदारी त्यातून गळाली, तर अभिरुची आणि क्रौर्य एकत्र नांदू शकतात. जर्मन वारशाचा अभ्यास करताना आणि आपला स्वतःचा वारसा शिकविताना, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेर ठेवता येणार नाही.