चुली वेगळ्या, पाटी एक

चिनी कुटुंबात वडीलधाऱ्यांचा शब्द अखेरचा, तेव्हा त्यांच्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत असणार, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. जुन्या जपानात बहुधा एकच वारस घराण्याचा धंदा पुढे नेई. चीनमध्ये मात्र परंपरेने सर्व मुलगे समान वाटेकरी. (मुलींना कायद्याने वारसाहक्क मिळाला तो १९३१ पासून; पण कागदावरचा हक्क घरात यायला किती काळ लागतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे!)

वाटणीची रीत वाचताना आपल्याकडील एखाद्या गावाची आठवण यावी. पुष्कळदा मामा मध्यस्थ म्हणून बसे, हिस्से पाडून चिठ्ठ्या टाकल्या जात, लेखी कागद होई आणि भावांच्या चुली वेगळ्या होत. जमिनीचे तुकडे पाडता येतात. पण दुकानाच्या नावलौकिकाचे कसे पाडणार?

पेकिंगमधील ‘तोंगरेनतांग’ हे औषधांचे दुकान युए घराण्याने १६६९ साली काढले. १७२३ पासून राजवाड्याला औषधे तिथूनच जात. विसाव्या शतकाच्या आरंभी घराण्याच्या चार शाखांनी मोठा शहाणपणाचा तोडगा काढला. मूळ दुकान चौघांचे सामाईक राहिले. प्रत्येक शाखेला स्वतःचे निराळे दुकान काढण्याची मुभा होती. त्यावर ‘युए घराण्याचे जुने दुकान’ असे लिहावे, पण ‘तोंगरेनतांग’ हे नाव लावू नये! १९५४ साली सरकार भागीदार झाले, तोवर ही व्यवस्था टिकली.

कालवांच्या सॉससाठी प्रसिद्ध असलेल्या ‘ली कुम की’ची (स्थापना १८८८) कथा कडवट आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत, आधी काका-पुतण्यांत आणि मग भावाभावांत तेढ येऊन हिस्से विकत घ्यावे लागले. पोळलेल्या या घराण्याने चालू शतकाच्या आरंभी कुटुंबाची लेखी घटनाच तयार केली. घरच्या प्रश्नांसाठी कुटुंबपरिषद, धंद्यासाठी संचालक मंडळ. आणि तरुणांनी आधी काही वर्षे बाहेर नोकरी करून यावे.

साम्यवादी चीनमध्ये खाजगी धंदा पुन्हा उभा राहिला तो एकच मूल असण्याच्या काळात. १९८२ साली सिचुआनमधील लिऊ आडनावाच्या चार भावांनी लावे पक्षी पाळून धंद्यास आरंभ केला आणि पुढे १९९० च्या दशकात सामोपचाराने वाटण्या केल्या. त्यांच्यापैकी लिऊ योंगहाव यांना मात्र एकुलती मुलगी. २०१३ साली ‘न्यू होप लिऊहे’ या कंपनीची ती अध्यक्षा झाली. वाटेकरी नव्हताच, पण सल्लागार लागणार होता. तेव्हा तिच्या जोडीला सह-अध्यक्ष म्हणून आणली गेली ती घराण्याबाहेरची एक व्यवस्थापनशास्त्राची प्राध्यापिका.