जपानी भाषेची तोंडओळख
लेखांक आठवा : बोलण्यातील संक्षेप

दिल्लीतील कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात मुक्कामास येऊ इच्छिणारा जो गृहस्थ आपल्या अर्जात ‘मी सोमवारी येत आहे’ असा मजकूर लिहितो, तोच घरच्यांशी बोलताना ‘सोमवारी येतोय’ म्हणतो. आणि त्याच रस्त्यावरील कमानी सभागृहात एखाद्या मराठी नाटकातील पात्राने ‘मी येत आहे’ असे म्हटले, तर दफ्तरातील खलिता वाचला जात असल्याचा भास प्रेक्षकांस झाल्यावाचून राहणार नाही. जपानी भाषेतही लेखी आणि बोली रूपांत असेच अंतर आहे. पाठ्यपुस्तकातील पूर्ण रूपे घोकून तयार झालेला विद्यार्थी प्रत्यक्ष संभाषणात गोंधळतो, याचे बहुतांश कारण हेच.

या संक्षेपांस स्वैर अपभ्रंश मानणे मात्र अन्यायाचे होईल. ‘येतो आहे’चे ‘येतोय’ होताना मुख्य क्रियापद शाबूत राहते आणि झीज सोसावी लागते ती सहायक ‘आहे’ला; जपानीतही प्रायः हाच न्याय चालतो. गेल्या लेखांकांत पाहिलेले ‘ते’युक्त रूप आपल्या ‘ऊन’प्रत्ययी रूपाचे काम करते, आणि त्यापुढे येणाऱ्या सहायक क्रियापदाचा आरंभ स्वराने होत असेल, तर दोन स्वरांच्या भेटीत एकाचा लोप होतो. ‘ताबेते इरु’ (खात आहे) याचे ‘ताबेतेरु’, ‘काइते ओकु’ (लिहून ठेवणे) याचे ‘काइतोकु’ आणि ‘मोत्ते इकु’ (घेऊन जाणे) याचे ‘मोत्तेकु’ होते. उलट ‘काइते मिरु’ (लिहून पाहणे) यात व्यंजन आडवे येत असल्याने ते रूप जसेच्या तसे राहते.

याहून दूरची मजल ‘शिमाउ’ या सहायकाची. आपल्या ‘खाऊन टाकणे’ यातील ‘टाकणे’प्रमाणे क्रिया पुरती संपल्याचे, क्वचित पश्चात्तापाचेही सूचन करणारे ‘ताबेते शिमाउ’ बोलण्यात ‘ताबेच्याउ’ होते, आणि ‘ते’ऐवजी ‘दे’ असल्यास, जसे ‘योन्दे शिमाउ’ (वाचून टाकणे) यात, ‘योन्ज्याउ’. ‘वाकारानाइ’ (समजत नाही) याचे ‘वाकान्नाइ’ होते. आणि ‘इकानाकेरेबा नारानाइ’ (गेलेच पाहिजे) एवढ्या लांबलचक रचनेतून केवळ ‘इकानाक्या’ शिल्लक उरते, बाकीचे श्रोत्याने समजून घ्यावयाचे असते.

कोणते रूप कोठे शोभते, हा विवेक मात्र सुटता कामा नये. ‘ताबेतेमासु’ हे आदरार्थी परंतु संक्षिप्त रूप वडीलधाऱ्यांसमोरही खपते, तसेच ‘नो देसु’चे ‘न् देसु’ होणे सभ्य संभाषणात सर्रास चालते; ‘इकानाक्या’ किंवा ‘ताबेच्याउ’ ही तशीच्या तशी रूपे बरोबरीच्या माणसांत आणि घरात शोभतात, तर औपचारिक पत्र व सरकारी कागदपत्र यांत पूर्ण रूपांचाच अंमल असतो.

1984 पासून घेतल्या जाणाऱ्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेस दिल्ली, पुणे वा मुंबई केंद्रातून बसणाऱ्या वाचकांनी श्रवणाची तयारी करताना हे नियम विशेष ध्यानात ठेवावेत. संक्षिप्त शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक शब्द ऐकताच त्याचे पूर्ण रूप मोठ्याने म्हणून पाहावे. मूळ रूप पक्के झाल्याखेरीज संक्षेप बोलण्याची घाई करू नये. पुढील लेखांकात वाक्यांती येणाऱ्या ‘ने’ आणि ‘यो’ या अव्ययांचा विचार करू.