रोंगेलॅपवर पडलेला चुना

१ मार्च १९५४ रोजी सकाळी पावणेसातला अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी या प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिचे नाव होते ‘कॅसल ब्राव्हो’. अंदाज सुमारे सहा मेगाटनांचा होता, प्रत्यक्षात स्फोट झाला पंधरा मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या जवळपास हजारपट. इंधनात लिथियमचे दोन प्रकार होते. त्यातला लिथियम-७ स्फोटात काही करणार नाही असे गृहीत धरले होते. पण वेगवान न्यूट्रॉनांचा मारा होताच त्यातूनही ट्रिटियम तयार झाले आणि स्फोट भडकला.

मात्र माणसांचे जे हाल झाले, त्यांना एकटी ताकद कारणीभूत नव्हती. स्फोट किती उंचीवर होतो यावर बरेच काही अवलंबून असते. उंच हवेत झाला, तर किरणोत्सारी अवशेष अतिसूक्ष्म राहतात, वातावरणात फार वर चढतात आणि खाली येईपर्यंत त्यांचा बराच जोर ओसरतो. ब्राव्होचा स्फोट जमिनीलगत झाला. अग्निगोलाने खालच्या प्रवाळाची वाफ केली, भुगा केला आणि तो वर ओढून घेतला. मागे उरला सुमारे दोन किलोमीटर रुंद आणि ७५ मीटर खोल खड्डा. वर गेलेल्या प्रवाळाच्या कणांवर युरेनियमच्या विखंडनातून निघालेली द्रव्ये चिकटली. कण जड होते, त्यामुळे काही तासांतच ते खाली बसू लागले आणि वाऱ्याने त्यांना पूर्वेकडे नेले.

पूर्वेला दीडशेहून अधिक किलोमीटरवर रोंगेलॅप आहे. तिथे दुपारच्या सुमारास पांढरी भुकटी पडू लागली. प्रवाळ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते तापले की चुना होतो. अंगावर पडत होता तो खरोखर चुनाच, फक्त किरणोत्सारी. मुले त्यात खेळली. घामेजलेल्या मानेवर, तेल लावलेल्या केसांत, अनवाणी पायांवर तो चिकटून राहिला. पावसाचे साठवलेले पाणी त्याने गढूळ झाले आणि तेच लोक प्यायले. आधी खाज, उलट्या. मग दोनेक आठवड्यांनी कातडीवर भाजल्यासारखे चट्टे उठले आणि केसांचे पुंजके गळू लागले.

हे झाले बाहेरून. पोटात गेलेल्या द्रव्यांचा परिणाम दिसायला वर्षे लागली. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते, पण तेवढ्यात शरीर ते नेहमीचे आयोडीन समजून थायरॉईड ग्रंथीत साठवते. मुलांची ग्रंथी लहान, म्हणून तेवढ्याच आयोडीनचा मारा तिच्यावर कितीतरी जास्त. स्फोटाच्या वेळी दहा वर्षांखालील असलेल्या रोंगेलॅपच्या बहुतेक मुलांच्या थायरॉईडमध्ये पुढे गाठी निघाल्या. स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमसारखे वागते, म्हणून हाडांत जाते. सिझियम-१३७ पोटॅशियमसारखे वागते. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम मुळातच कमी, त्यामुळे झाडे सिझियम अधिकच ओढून घेतात आणि ते नारळात, नीरफणसात उतरते. या दोन्हींना निम्मे व्हायला तीसेक वर्षे लागतात. असे असतानाही स्फोटानंतर हलवलेल्या लोकांना १९५७ मध्ये रोंगेलॅपवर परत पाठवले गेले. तिथलेच अन्न खात ते १९८५ पर्यंत राहिले आणि शेवटी स्वतःच बेट सोडून निघाले.

त्याच राखेत ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी नौका सापडली. तिच्यावर २३ जण होते. त्यांतले वायरलेस ऑपरेटर आइकिची कुबोयामा १९५४ च्याच सप्टेंबरमध्ये वारले. जगभर संताप उसळला. २ एप्रिल १९५४ रोजी नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली. हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार व्हायला मात्र १९६३ उजाडले.

लिथियमचा अंदाज चुकला, हे खरे. पण सगळा दोष त्याच्यावर टाकणे मला मान्य नाही. १९४६ मध्ये बिकिनीवर ब्राव्होपेक्षा शेकडो पटींनी लहान बॉम्ब फोडले, तेव्हा रोंगेलॅपच्या लोकांना आधीच हलवले होते. १९५४ मध्ये, सहा मेगाटनांचा अंदाज असतानाही, हलवले नाही. राख पडल्यावर रोंगेलॅपहून लांबच्या राँगेरिक बेटावरच्या २८ अमेरिकी कर्मचाऱ्यांना २ मार्चला बाहेर काढले गेले. रोंगेलॅपकरांसाठी जहाज आले ३ मार्चला.