पिशवी विद्यापीठाची, शिव्याही विद्यापीठालाच

मृगाच्या तोंडावर केजच्या एका कृषी सेवा केंद्रात उभा होतो. सोयाबीनची बॅग खांद्यावर टाकता टाकता एक काका म्हणाले, "परभणीवाले नुसता पगार घेतेत. शेतकऱ्याला काय दिलं त्यांनी?" बॅगेच्या लेबलावर वाण लिहिला होता: एमएयूएस-71. ही अक्षरं म्हणजे मराठवाडा अॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी सोयाबीन. 1972 साली परभणीत सुरू झालेल्या आणि आता वसंतराव नाईकांचं नाव असलेल्या विद्यापीठाचंच हे जुनं नाव. काकांच्या खांद्यावर विद्यापीठच होतं!

हे हसण्यावारी नेता येतं. पण त्याच दुकानात दर जूनला ऐकू येणारं दुसरं वाक्य खिशाला भोक पाडतं.

गैरसमज : घरचं सोयाबीन उगवत नाही, दरवर्षी नवी बॅग घ्यावीच लागते.

वस्तुस्थिती : हे ज्ञान कपाशीच्या शेतातून सोयाबीनच्या शेतात आलं आहे. आपल्याकडची बहुतेक बीटी कपाशी संकरित. तिची सरकी पुन्हा पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून तिथं बॅग दरवर्षी नवी. सोयाबीनचे वाण मात्र सरळ आहेत. सोयाबीनचं फूल पुरतं उमलण्याआधीच त्याचं परागीकरण आतल्या आत उरकलेलं असतं, त्यामुळे पोरगं बापासारखंच निघतं. प्रमाणित बियाणं एकदा आणलं की पुढची दोन-तीन वर्षं घरचं पेरायला हरकत नाही. कायद्याचीही आडकाठी नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिलेला आहे.

"मग मागच्या साली माझं का नाही उगवलं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर वाणात नाही, हाताळणीत आहे. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार नाजूक असतं. रास करताना मळणी यंत्र जोरात फिरवलं, पोती आपटली, त्यांची छतापर्यंत थप्पी लावली, की दाणा वरून धडधाकट दिसतो आणि आतून मेलेला असतो. बियाण्याची रास करताना यंत्राचे फेरे मिनिटाला 400 च्या आत ठेवा आणि दाणा चांगला वाळवून साठवा. कापणीच्या वेळी पावसात भिजलेला माल बियाण्याला नकोच.

आणि विकतचं म्हणजे खात्रीचं, असंही नाही. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात विकतचं सोयाबीन न उगवल्याच्या एवढ्या तक्रारी आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

खात्री करायची तर घरीच करा. पोत्यात खालवर हात घालून न निवडता 100 दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उलगडून धड कोंब मोजा. 70 किंवा जास्त निघाले तर एकरी 30 किलो नेहमीप्रमाणे पेरा. थोडे कमी निघाले तर त्या मानाने बियाणं वाढवा. फारच कमी निघाले, तर खुशाल बॅग आणा.

आता बाकीचे गैरसमज, एकेका ओळीत.

"सोयाबीनमध्येही बीटी आलंय." नाही. भारतात लागवडीला परवानगी असलेलं बीटी पीक एकच, कापूस.

"बीटीला फवारणी लागत नाही." बीटी बोंडअळीसाठी होतं, तुडतुडे-मावा-फुलकिड्यांसाठी नव्हे, आणि गुलाबी बोंडअळीनेही त्याला दाद देणं सोडलं, हे 2017 साली आपण पाहिलंच.

"तूरही सरळ वाणाची, मग घरचीच कितीही वर्षं चालते." तुरीच्या फुलांवर माश्या फिरतात आणि शेजारच्या तुरीचे पराग आणतात, म्हणून विद्यापीठाच्या बदनापूर संशोधन केंद्राच्या बीडीएन-711 सारख्या वाणाचं बियाणं काही वर्षांनी बदलावं लागतं.

"सीताफळ रानचं झाड, त्यात कसलं आलंय संशोधन?" याच विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आपल्या अंबाजोगाईत आहे, धारूर-6 हा वाण तिथलाच, आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

विद्यापीठाच्या चुका काढायच्या तर जरूर काढा, हक्कच आहे तो. पण आधी हातातलं लेबल वाचा. आणि बॅगेसाठी नोटा मोजण्याआधी घरच्या पोत्यातले शंभर दाणे मोजा.