कांदा, महागाई आणि धोरणाची किंमत

आज देशाच्या अर्थव्यवस्थेबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात लासलगावपासून करू. दिल्लीतला निर्णय तिथल्या लिलावात लगेच दिसतो.

आधी घटनाक्रम बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरवलं. डिसेंबरमध्ये निर्यातच बंद. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. ते १ एप्रिल २०२५ पासून रद्द झालं. वीस महिन्यांत इतके बदल!

असं का होतं? २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २ ते ६ टक्क्यांत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थांचा वाटा जवळपास ४६ टक्के होता. आता व्याजदर वाढवून कांदा काही जास्त पिकत नाही. मग सरकार हाताशी असलेलं साधन वापरतं: निर्यात अडवायची.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो. भाव पडला तर शेतकरी थोडं थांबू शकतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. डिसेंबरची बंदी आली ती नेमकी लाल कांद्याच्या हंगामात. थांबायची सोय नसलेल्यालाच फटका बसला. शिवाय परदेशी खरेदीदार वाट बघत बसत नाही. तो पाकिस्तानकडे, इजिप्तकडे वळतो आणि परत येईलच असं नाही.

शहरातल्या ग्राहकाचा प्रश्न खोटा आहे का? अजिबात नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला कांद्याची महागाई लागतेच. पण ती कमी करायचा खर्च एकट्या उत्पादकाने का सोसायचा? साठवणूक वाढवणं, सरकारी राखीव साठा वेळेवर बाजारात आणणं आणि निर्यातीचे नियम लागवडीआधी जाहीर करणं, हे मार्ग आहेत. भाव पडण्याची जोखीम शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या घेतोय. नियम कधी बदलेल ही जोखीम तरी त्याच्या डोक्यावरून उतरवता येईल.