डोंगरउतारावरील घर : आधी जागा, मग पाया

तोरणा व राजगड यांच्या परिसरात वसलेल्या वेल्हे भागात घर बांधू इच्छिणारा शेतकरी दगड, लाकूड व कौले यांचा हिशेब आधी करतो. जागेचा विचार मात्र पुष्कळदा राहून जातो. वस्तुतः या अतिवृष्टीच्या डोंगराळ मुलखात घराची सुरक्षितता प्रथम जागेवरच अवलंबून असते.

पुणे जिल्ह्यातीलच आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात डोंगर कोसळला आणि सुमारे १५० माणसे मृत्युमुखी पडली. उतारावरील माती पाणी मुरून जड व सैल झाली म्हणजे खालच्या खडकावरून घसरू लागते.

म्हणून घळीच्या तोंडाशी, ओढ्यालगत किंवा उभ्या उताराच्या पायथ्याशी घर बांधू नये. पाणी कोठून वाहते, हे गावातील जाणत्या माणसांस विचारावे. अंगण वाढविण्यासाठी डोंगर सरळ तोडू नये. घराच्या वरच्या अंगास चर खणून पाणी दोन्ही बाजूंनी नाल्याकडे वळवावे. पाया कठीण मुरुमापर्यंत न्यावा, जोते उंच घ्यावे आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतके छप्पर पुढे काढावे.

पावसाळ्यात जमिनीस नवी भेग पडली, झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ झाले, तर सामानसुमानाचा मोह न धरता गुरांची दावी सोडून घराबाहेर पडावे, शेजाऱ्यांस सावध करावे व ग्रामपंचायतीस तत्काळ कळवावे.