दुखणे सांगायला माणूस हवे

२०१६ च्या जानेवारीत मी मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडात गेले होते. ओंटारिओ प्रांतातले ते एक लहान गाव. बाहेर गुडघाभर बर्फ. एके दुपारी शेजारच्या बाई आल्या. त्या तिथल्या चर्चच्या मंडळात होत्या. युद्धामुळे सीरिया सोडावा लागलेल्या एका कुटुंबाची जबाबदारी या मंडळाने घेतली होती. त्या म्हणाल्या, "घरातल्या बाईंचे डोके सारखे दुखते. तुम्ही डॉक्टर आहात, जरा भेटून याल का?" तिथे रुग्ण तपासण्याचा परवाना मला नव्हता. पाहुणी म्हणून गेले.

वाचकहो, ही पद्धत आधी समजून घेऊ. परदेशातून आलेल्या निर्वासित कुटुंबाला सामान्य नागरिकांच्या गटाने आधार द्यायचा, असे कॅनडात १९७९ पासून चालत आले आहे. त्या वर्षी मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या समितीने सरकारशी पहिला करार केला. १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, लाओस व कंबोडियातले सुमारे ६०,००० निर्वासित तिथे गेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना अशा गटांनीच आणले. १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा नानसेन पुरस्कार कॅनडाच्या जनतेला मिळाला. २०१५ चा नोव्हेंबर ते २०१६ ची फेब्रुवारी एवढ्या काळात सीरियातले २५,००० हून अधिक निर्वासित तिथे पोचले. गट साधारण एक वर्ष घरभाडे, किराणा, कपडे, मुलांची शाळा हे सारे पाहतो. दवाखान्यात सोबतही जातो.

मी गेले ते घर नीटनेटके होते. कुटुंब मुसलमान, मंडळ ख्रिस्ती. पण धर्माचा विषय कोणी काढत नव्हते. बाईंनी गोड काळा चहा दिला. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा शाळेत थोडे इंग्रजी शिकला होता. तोच दुभाषा. मी विचारले, "काय होते?" बाई थोडे बोलल्या, थांबल्या, मुलाकडे पाहून गप्प झाल्या. मुलगा म्हणाला, "डोके दुखते. झोप येत नाही. थकते." गावातल्या डॉक्टरांनाही त्याने हेच सांगितले होते. त्यांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या.

मीही मनाशी ठरवून टाकले की हे मनाचे दुखणे. घर गेले, आई मागे राहिली, डोके दुखणारच. पण निघताना बाईंनी जिना चढताना कठडा धरलेला पाहिला. दहा पायऱ्यांत धाप लागली होती. पापणीची आतली बाजू पाहिली, तर ती पांढुरकी दिसली.

शेजारच्या बाईंना म्हटले, "मुलगा नको. अरबी बोलणारी एखादी बाई शोधा." आठ दिवसांत जवळच्या शहरातून एक जण मिळाली. त्या दिवशी मुलाला खेळायला पाठवले, आणि डॉक्टरांसमोर खरे दुखणे बाहेर आले. पाच महिन्यांपासून पाळीत फार रक्त जात होते. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून ते कसे सांगणार? हिमोग्लोबिन निघाले ७; बाईमाणसाचे ते निदान १२ तरी असावे. गर्भाशयाची तपासणी ठरली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही, हेही सांगितले. मी मार्चअखेर परत निघाले तेव्हा जिन्यावरची धाप कमी झाली होती. आईची काळजी मात्र तशीच होती. त्यासाठी शेजारच्या बाई रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालायला जात.

नव्या माणसाला आधार देताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. दुखणे मनाचे असे ठरवण्याआधी रक्त, रक्तदाब, साखर तपासून घ्या.

२. मुलाला दुभाषा करू नका. आईची लाज आणि भीती त्याच्यावर पडते.

३. युद्धाच्या, मरणाच्या गोष्टी उकरून विचारू नका. ते माणूस स्वतःहून बोलले तर ऐकून घ्या.

४. लसीकरणाचे कागद हरवले असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लसी पुन्हा द्याव्यात.

५. सगळे आपणच करू नका. पहिल्या वेळी सोबत जा. पुढे त्यांना एकट्याने जाऊ द्या.

६. दोन आठवडे झोप-भूक गेली, जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांना दाखवाच. आपल्याकडे १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

परत आल्यावर माझ्या दवाखान्यात परप्रांतातल्या एका मजुराची बायको आली. मराठी येणारी आठ वर्षांची मुलगी सोबत होती. एरवी मी तिलाच विचारले असते, "आईला काय होतंय गं?" इतकी वर्षे असेच विचारत आले होते. त्या दिवशी मुलीला बाहेर बाकावर बसवले, आणि त्यांच्याच वस्तीतल्या एका बाईला बोलावणे धाडले. यायला तिला अर्धा तास लागला. तेवढा वेळ आम्ही दोघी थांबलो.